चौदा बैल आणि छप्पन्न चाकं

२६ ऑगस्ट १९८४, रविवार. पोळा. चौदापैकी अकरा बैलांची शिंगं रंगवून झाली. उरलेल्या तिघांना लाल रंगाचा पहिला हात दिला आहे. तो वाळायला तासभर तरी लागेल, हवा दमट आहे. तेवढ्या वेळात हे लिहून टाकते, कारण दुसरा हात दिल्यावर झुलींच्या नाड्या शिवायच्या आहेत आणि उद्या तान्हा पोळा आहे.

तुम्हाला जाऊन सहा आठवडे झाले. तुमची जन्मतारीख, शिक्षण, वीज केंद्रातली नोकरी, हे सगळं तुमच्या खात्यातल्या लोकांनी फळ्यावर लिहिलं होतं. त्यात दोन चुका होत्या, मी खडू मागून दुरुस्त केल्या. ते पुन्हा इथे लिहीत नाही. मला चाकांबद्दल बोलायचं आहे. त्या सकाळी ते बोलणं अर्धं राहिलं.

तुम्ही पहिल्या पाळीला निघाला होतात, सायकलला डबा अडकवत होतात आणि मी दारात एक लाकडी चाक हातात आणि आणखी दोन पदरात घेऊन उभी होते. तिन्ही मध्यापासून काठापर्यंत सरळ तडकलेली.

"हे पाहा," मी म्हटलं. "अन् हे. अन् हे बी."

"संध्याकाळी पाहू वं. आता पाळीले उशीर होऊन राहिला."

ती संध्याकाळ आपल्याला मिळाली नाही. भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, शेवटचं काय बोलले? मी खरं सांगते, फुटक्या चाकाबद्दल बोलले. त्यांना वाईट वाटतं. मला वाटत नाही. आपण कधी गोड बोलून निरोप घेतलाच नाही, तर शेवटच्या दिवशी कुठून घेणार?

भांडण एकवीस वर्षांचं होतं. नागपुरात सदरला आपण एका खोलीत राहत होतो, तेव्हा घरमालकांच्या नातवासाठी तुम्ही पहिला बैल केलात. तुमच्या साताऱ्याच्या साहेबांना तुम्ही तान्हा पोळा समजावून सांगितलात तो दिवस मला आठवतो. मोठा पोळा शेतकऱ्याच्या बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा पोरांच्या लाकडी बैलांचा. पोरं चाकांवरचा बैल दोरीनं ओढत दारोदार नेतात. घरची बाई बैलाचे पाय धुते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे चार-आठ आणे, नाहीतर लाडू. साहेब म्हणाले, "म्हणजे खेळच ना?" तुम्ही दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललात.

बैल तुम्ही सागाच्या तुकड्यातून काढायचात. चाकांसाठी मात्र बाभळीची गोल फांदी घ्यायचात आणि मुळ्याच्या चकत्या कराव्यात तशा चकत्या पाडायचात. माझे वडील उमरेडला बंड्या, म्हणजे बैलगाड्या, दुरुस्त करायचे. फांदीची आडवी चकती वाळताना तडकतेच, चाक फळीतून काढायचं असतं, हे मला परकर नेसायच्या आधीपासून माहीत होतं. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "देवानं गोलच करून देल्लं हाय, मी काहून कापू?"

"देवानं फांदी गोल केली. चाक नाही केलं."

"तुह्या बाबानं बंड्या बनवल्या. हे खेळणं हाय."

तुम्ही टर्नर. आयुष्यभर लोखंड फिरवलेलं. लोखंड कापलं तसं राहतं. लाकूड कापल्यावरही आपल्या मनाचं करत राहतं, हे तुम्हाला मान्यच नव्हतं. दरवर्षी पोळ्यानंतर आठ दिवसांत लंगडे बैल घेऊन पोरं आपल्या फाटकाशी हजर. तुम्ही तारेनं चाक आवळून द्यायचात आणि मी स्वयंपाकघरातून मुद्दाम भांडी आपटायची.

आता लोक म्हणतात, तुमचा एक दोस्त परवाच म्हणाला, की पोरं पुन्हा पुन्हा घरी यावीत म्हणून तुम्ही जाणूनबुजून कच्ची चाकं लावत होतात. आपल्याला मूल नव्हतं, त्यामुळे लोकांना ही गोष्ट फार आवडते. खोटं आहे. तुम्ही हट्टी होतात. तुमच्या हट्टाला मायेचा रंग फासलेला मला चालणार नाही. माया तुमच्याकडे होती, ती दुसरीकडे होती. शेडच्या भिंतीवर तुम्ही खडूनं पोरांची नावं लिहून ठेवायचात आणि नावापुढे त्याची मागणी. यंदाचीही आहेत. "पिंटू: डोळे मोठे." "बेबी: पांढरा, रागावलेला." "संजू: शिंग एक मोडलेलं, त्याच्या आजोबाच्या बैलासारखं." तुम्ही खरंच एक शिंग मोडून ठेवलं आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. तुमच्या बैलांची तोंडं फार चांगली असायची. हे मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर चाकांचं ऐकण्याची उरलीसुरली आशा संपली असती. एका वर्षी एका बैलाचं तोंड हुबेहूब अक्कांसारखं झालं होतं, तुमच्या थोरल्या बहिणीसारखं. वीज केंद्राच्या कॉलनीत सगळ्यांनी ओळखलं. अक्कांनी तो हातात घेऊन निरखला आणि म्हणाल्या, "हा कोणाचा गा? लई शहाणा दिसते." तुम्ही उठून विहिरीकडे गेलात, हसायला.

बैलांचे कान तुम्ही जुन्या चपलांच्या चामड्याचे करायचात, हीसुद्धा एक चूकच. घरात मुकादम आहे हे माहीत असून. हे नाव तुम्हीच ठेवलं होतं, कारण तो कुत्रा स्वतः काही करत नसे आणि दुसऱ्याचं काम थांबलं की भुंकत असे. तुमची कानस थांबली की "भॉक". माझं शिवणयंत्र थांबलं की "भॉक". पोळ्याच्या आदल्या दिवशी एकदा आपण दोघं सीताबर्डीला बेगड आणि घुंगरू घ्यायला गेलो, परत येऊन पाहतो तर नऊ बैल ओळीनं उभे आणि एकालाही कान नाही. मुकादम दारात बसलेला, तोंड पुसल्यासारखं. तुम्ही डोक्याला हात लावलात. मी कात्री घेतली, सायकलच्या जुन्या ट्यूबचे अठरा कान कापले. रबर त्यानं खाल्लं नाही. तेव्हापासून कान ट्यूबचेच आहेत. तेवढं तरी तुम्ही माझं ऐकलंत, तेही कुत्र्यानं सिद्ध करून दाखवल्यावर.

दुसरी कुत्री चिंधी. तुम्हाला चार दिवसांची सुट्टी मिळाली की त्यात तुम्ही पटाशी आणि कानस बांधून घ्यायचात. चिखलदऱ्याला लोक दरी पाहायला जातात, तुम्ही विश्रामगृहाच्या मागे पडलेल्या लाकडांत बसून होतात. मी एकटीनं दरी पाहिली, चांगली आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या लाकडांतून एक पिल्लू काढून आणलंत. परतीच्या बसमध्ये ते बांबूच्या टोपलीत, वर माझं जुनं लुगडं.

"टोपलीत काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"कोंबडी," तुम्ही म्हणालात.

टोपली केकाटली.

"कोंबडी अशी वरडते काहून गा?"

"पहाडातली हाय. थंडीनं आवाज बसला तिचा."

सगळी बस हसली. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं आणि तुमच्या हातात देत म्हणाला, "अंडं देल्लं तं मले सांगजा." परतवाड्याच्या आतच तिनं लुगड्याच्या चिंध्या केल्या होत्या. नाव शोधावं लागलं नाही. त्यानंतर पाच वर्षं ती झुली फाडते आहे आणि मी शिवते आहे. तुम्ही मध्यस्थी करायचात तीही तिच्याच बाजूनं. "तिले लाल रंग पसंत नाही वं. हिरवी शिवून पाह्य." हिरवीही फाडली.

आता यंदाचं सांगते.

अक्का काटोलहून आल्या त्या अजून इथेच आहेत. माझं चांगलंच व्हावं म्हणून आहेत, यात शंका नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्या डाळ निवडताना म्हणाल्या, "कमल, चाल काटोलले. एक खोली तुले देते. मशीन विकून टाक. कुत्रे मात्र नाही आणाचे."

"इथं माझं शिवणकाम हाय, अक्का."

"कोण शिवून घेईन आता तुह्यापाशी? लगनाचे ब्लाऊज? पाहशीन तू."

मी म्हटलं, पोळ्याचे बैल तरी मी पुरे करणार. पोरांना शब्द दिला आहे.

"वर्सभर सण नसते आपल्याले. अन् तुह्या हातचा बैल पोराच्या हाती देईन का कोणी?" डाळीतला खडा त्यांनी लांब फेकला. "माह्या वक्ताले, मालक गेल्यावर, तीन वर्सं एका बी लेकरानं माह्या हातचा लाडू खाल्ला नाही. लेकरू हात पुढं करे, माय मागून वढून घे."

त्या रडल्या नाहीत. ताट जवळ ओढून पुढची मूठ निवडायला घेतली. त्यांचं खरं होतं.

मी शेडमध्ये गेले. चौदा बैल उभे होते, तोंडं झालेली, चाकांविना. चाकं खालच्या पोत्यात. तुम्ही मे महिन्यातच छप्पन्न चकत्या पाडून ठेवल्या होत्या आणि नागपूरच्या उन्हानं आपलं काम केलं होतं. एकेक काढून पाहिली. छप्पन्नपैकी छप्पन्न तडकलेली. मी पोतं ओढत न्हाणीकडे नेलं आणि बंबात घातलं. अक्का धावत आल्या. "भावाच्या हातचं शेवटचं हाय वं ते!" मी म्हटलं, "म्हणूनच वाया जाऊ देत नाही." बाभूळ जळते चांगली. त्या दिवशी दोघींच्या अंघोळीला पाणी कढत होतं.

मग मी आरामशीनवर जाऊन सागाच्या फळ्या आणल्या. चाकाच्या मापाचं गोल झाकण घरात एकच सापडलं, तुमच्या दाढीच्या साबणाच्या डबीचं. ते ठेवून छप्पन्न वेळा पेन्सिल फिरवली. करवत, कानस, गिरमिट. चार दिवस गेले, दोन बोटं फाटली. मुकादम दारात बसून होता आणि मी थांबले की भुंकत होता. पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, कुणीतरी हजेरी घेतंय. आस मी सायकलच्या तारांचे केले, ते तुमचंच, ते चांगलं होतं.

पहिल्या बैलाला चाकं बसवून मी तो व्हरांड्याच्या एका टोकाला ठेवला आणि हलकेच ढकलला. तुमचे बैल डावीकडे जायचे, सगळेच. हा सरळ गेला. व्हरांडा संपला, पायरीवर धाडकन उतरला, उभाच राहिला, आणि अंगणातून थेट फाटकाला जाऊन टेकला. एकवीस वर्षांचं भांडण मी जिंकले. साबणाच्या डबीचं झाकण हातात घेऊन मी तिथे उभी होते आणि सांगायला कुणी नव्हतं. अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं."

ऐका, मी तुम्हाला सांगते आहे. मी जिंकले. पूर्ण, चारही चाकांनी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लाकूडच चांगलं लागलं वं यंदा." म्हणा. मला फरक पडत नाही.

गेल्या मंगळवारी समोरच्या कॉलनीतल्या लांजेवारबाई आल्या. पिंटूची आई. व्हरांड्यात पिंटूचा बैल मोठे डोळे करून उभाच होता.

"वहिनी, यंदा हे बर्डीवरूनच बैल आणतो म्हणते. तुमाले कायले तरास?"

"तयार आहे त्याचा. फक्त शिंगं रंगवायची आहेत."

"हो... पण सासूबाईचं जुनं वळण हाय नं." त्यांची नजर बैलावरून हलत नव्हती. मग पदर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "अन् ते भाचीच्या लगनाचे कापडं बी द्याल का? दुसरीकडे देतो म्हणलं. घाई हाय."

मी सहाही कापडं घडी घालून दिली. लांजेवारबाई वाईट नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या घरचा चहा त्यांनीच दोन दिवस पाहिला होता. त्यांच्यानंतर आणखी तिघींचे निरोप आले, कुणाचा गडी, कुणाची पोर. बाकीच्या काही बोललेल्या नाहीत. न बोलण्याचा अर्थ मी उद्या पाहीन.

तेव्हा प्रश्न खेळण्याचा उरलेला नाही, हे तुम्हाला कळावं. आपल्या या दोन खोल्या कॉलनीच्या फाटकाबाहेर आहेत आणि माझं सगळं काम फाटकाच्या आतलं आहे. माझ्या हातचा बैल त्या घरांत गेला, तर माझ्या हातचा ब्लाऊजही जाईल. नाही गेला, तर दिवाळीपर्यंत मी काटोलला असेन, मशीन कुणाच्या तरी घरी असेल, आणि मुकादम नि चिंधी वीज केंद्राच्या राखेच्या ट्रकांमागे धावत असतील. मी काटोलची बाई नाही. तिथली संत्री मला आवडतात, पण एक-दोन.

तुमच्यावर माझा राग आहे का, असं स्वतःला विचारून पाहिलं. थोडा आहे. निघताना चाक हातात घेऊन पाहिलं असतंत, तर काय बिघडलं असतं? आणि उपकार आहेत का? आहेत. बायकोनं करवत धरलेली पाहून हसणारी माणसं त्या कॉलनीत पुष्कळ होती, तुम्ही कधी हसला नाहीत. तुम्ही फक्त म्हणायचात, "अंगठा बाजूले घे." चार दिवस मी प्रत्येक कापाला अंगठा बाजूला घेतला. फाटलेली बोटं दुसऱ्या हाताची आहेत.

रंग वाळला. उठते.

२७ ऑगस्ट, सोमवार. कालचा कागद पुढे लिहिते.

दरवर्षी या दिवशी पोरं सहा वाजल्यापासून आपल्या फाटकाशी उभी असतात, सजवायला वेळ मिळावा म्हणून. आज साडेआठ वाजले, एकही आलं नाही. अक्का दारात उभ्या होत्या. "मी म्हणलं होतं," असं त्या म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मी कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि बैल एकामागे एक बांधले. चौदाच्या चौदा. झुली, घुंगरू, बेगड, सगळं अंगावर.

"काय करून राहिली वं तू?"

"बैल पोचवून राहिली."

"कोणी दार उघडन नाही, कमल."

"मले नको उघडू दे. बैलाले उघडन."

दोरी खांद्यावर घेऊन मी निघाले. तुमची चाकं असती तर दुसऱ्या वळणावर अर्धे बैल आडवे झाले असते. ही रांग माझ्यामागे सरळ येत होती, चौदांचे घुंगरू वाजत होते. बाजूनं मुकादम, सगळ्यात शेवटी चिंधी. फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहिला. "वहिनी, पोळा तं चार वाजता हाय."

"मला माहीत आहे."

पहिलं क्वार्टर लांजेवारांचं. मी कडी वाजवली नाही. घुंगरांनी काम केलं. पिंटू खिडकीला लोंबकळला, लांजेवारबाई दारात आल्या, त्यांच्यामागे सासूबाई. समोरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली होती. मी एवढंच म्हटलं, "बैल आलाय दारात."

लांजेवारबाई जागेवरून हलल्या नाहीत. तान्ह्या पोळ्याला दारात आलेला बैल पाय न धुता परत गेला, असं या कॉलनीत कधी झालेलं नाही. त्यांच्या माहेरीही झालं नसेल. त्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं. पण ज्यांना सगळ्यांत जास्त माहीत होतं, त्या सासूबाई मागून ओरडल्या.

"पाह्यत काय उभी राहिली वं? बैल दारात उभा हाय. पाणी आण!"

लांजेवारबाई तांब्या घेऊन आल्या, ताट घेऊन आल्या. पिंटूच्या बैलाच्या चारही चाकांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. मग बोजाऱ्याचं नाणं हातात घेऊन दोरी कुणाच्या हातात आहे ते पाहू लागल्या. दोरी माझ्या हातात होती. क्षणभर त्या तशाच राहिल्या. मी हात पुढे केला, आणि त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं, पोराच्या हातावर ठेवतात तसंच, वरून बोटं मिटवून.

मी पहिल्या बैलाची गाठ सोडून दोरी पिंटूला दिली. तो धावत सुटला, त्याच्यामागे बैल, बैलामागे चिंधी. उरलेले तेरा घेऊन मी वळले. शेजारच्या दारात ताट घेऊन बाई आधीच उभी होती.